ठिपक्यांचे स्टिकर आणि मालकीचा सवाल

मुलांच्या पाण्याच्या बाटलीवर, लॅपटॉपवर, मोबाईलच्या कव्हरवर एक नक्षी दिसू लागली आहे. गेरूच्या रंगावर पांढरे-पिवळे ठिपके, एकात एक वर्तुळे, मधून सरपटणारा सरडा. ‘वाळवंटी कला’ म्हणून असे स्टिकर ऑनलाइन स्वस्तात मिळतात. नक्षी देखणी आहे यात शंका नाही. पण ती आली कुठून?

तिचे घर ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटात आहे. हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. 1860 नंतर अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि हिंदुस्थानच्या वायव्य भागातून उंटवाले तिथे गेले. त्यांनी पत्र्या-मातीच्या मशिदी उभारल्या, आणि अनेकांनी तिथल्या आदिवासी स्त्रियांशी निकाह केले. त्यांचे वंशज आजही त्या भागात आहेत.

तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या वाळूवर आणि अंगावर चिन्हे काढत आले. एकात एक वर्तुळे म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्काम. इंग्रजी ‘यू’सारखी खूण म्हणजे जमिनीवर बसलेला माणूस, कारण मांडी घालून बसल्यावर वाळूत तसाच ठसा उमटतो. वार्लपिरी लोक ज्याला ‘जुकुर्पा’ म्हणतात, त्यात सृष्टीची उत्पत्ती, पूर्वजांचे प्रवास आणि वागण्याचे कायदे सारेच येते. कोणती कथा कोणी रंगवायची, हे वडिलांकडून किंवा आईकडून आलेल्या नात्यावर ठरते. शेजाऱ्याची कथा परवानगीशिवाय काढता येत नाही. आपल्या भाषेत ही अमानतच.

1971 साली ॲलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेला पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन हे शाळामास्तर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंगीची कथा रंगवली. पुढच्याच वर्षी कलावंतांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीच्या काही चित्रांत परक्यांनी पाहू नयेत अशा खुणा आल्या, म्हणून समाजातच नाराजी झाली. नंतर ठिपक्यांचा वापर वाढला, तो काही अंशी त्या खुणा झाकण्यासाठी. म्हणजे बाजार ज्याला निव्वळ सजावट समजतो, तो काही ठिकाणी पडदा होता!

आणि आता त्याच ठिपक्यांची नक्कल विकली जाते. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2022 मध्ये सांगितले की आदिवासी शैलीच्या भेटवस्तूंवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च अस्सल नसलेल्या मालावर होतो. इंडोनेशियात बनवलेला माल आदिवासींच्या हातचा म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला 2019 मध्ये 23 लाख डॉलरचा दंड झाला. त्याआधी, 1994 साली, गालिच्यांचा खटला गाजला होता. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आदिवासी कलावंतांची चित्रे न विचारता उतरवली होती, त्यांत पापुन्याच्या वाळवंटी परंपरेतले एक चित्रकारही होते. न्यायालयाने सुमारे 1 लाख 88 हजार डॉलर भरपाई दिली. पूर्वजांच्या पवित्र कथेवर लोक पाय ठेवून चालणार, हे दुःख पैशात मोजायचे कसे?

कायद्याची अडचण अशी की कॉपीराइट एका व्यक्तीचा असतो आणि तिच्या मृत्यूनंतर 70 वर्षांनी संपतो. कथा मात्र कुळाची असते, तिला मुदत नाही. नुसते ठिपके काढण्याच्या पद्धतीवर तर कोणाचाच कॉपीराइट नसतो. नकली स्टिकरवाले याच फटीतून निसटतात.

रीतसर मार्ग नाही असे नाही. ग्रेट सँडी वाळवंटातले जिमी पाइक यांची चित्रे 1980 च्या दशकात करार करून कापडावर आणि रुमालांवर छापली गेली. आजही काही आदिवासी कलाकेंद्रे अशी परवानगी देतात. अशा वस्तूवर सहसा कलावंताचे नाव, त्याचा समाज आणि चित्रातली कथा छापलेली असते. ‘आदिवासी शैली’ एवढेच लिहिले असेल आणि माणसाचे नाव कुठेच नसेल, तर तो माल मी घरात आणणार नाही.

एक नक्षी मात्र आज कोणीही बिनधोक चिकटवू शकतो. वर काळा पट्टा, खाली लाल, मधोमध पिवळे वर्तुळ. हा आदिवासींचा ध्वज मध्य ऑस्ट्रेलियातल्या लुरित्जा समाजाचे हॅरॉल्ड थॉमस यांनी 1971 मध्ये रेखाटला. काळा रंग माणसांचा, लाल मातीचा, पिवळा सूर्याचा. एका कपडे कंपनीला दिलेल्या परवान्यामुळे ध्वज छापणाऱ्या आदिवासी संस्थांनाही नोटिसा गेल्या आणि मोठा वाद झाला. अखेर जानेवारी 2022 मध्ये सरकारने 2 कोटींहून अधिक डॉलर खर्चून हक्क घेतले आणि ध्वज सर्वांसाठी खुला केला.