संग्रहालयातला संगणक कोण सांभाळतो? कुही तालुक्यातल्या मुलांसाठी एक वेगळा धडा



"मोठेपणी काय होणार?" असं वर्गात विचारलं की डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, इंजिनिअर ही उत्तरं ठरलेली असतात. "मी संग्रहालयातल्या संगणक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा प्रमुख होणार" असं कुणी म्हणत नाही, कारण असं काही पद असतं हेच मुलांच्या कानावर आलेलं नसतं. संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं आणि 'हात लावू नये' ही पाटी. तिथे माहिती तंत्रज्ञानाचं काय काम? चला, आपल्याच तालुक्याच्या उदाहरणातून समजून घेऊ.

कुही तालुक्याने काय दिलं?

कुही तालुक्यातल्या अडम इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केलं. तटबंदी आणि खंदक असलेलं प्राचीन नगर तिथे उजेडात आलं. तिथल्या मातीच्या एका मुद्रेवर अस्सक जनपदाचा उल्लेख आहे. सोळा महाजनपदं शिकवताना आपण ज्या 'अश्मक'चं नाव फळ्यावर लिहितो, तेच हे. मांढळला नागपूर विद्यापीठाने १९७० च्या दशकात उत्खनन केलं. वाकाटक काळातल्या मंदिरांचे अवशेष आणि मूर्ती सापडल्या. मांढळचे वाकाटक ताम्रपट तर अभ्यासकांना चांगलेच माहीत आहेत.

आता प्रश्न असा, की या वस्तू मांढळच्या, अडमच्या आहेत हे आणखी शंभर वर्षांनी कुणाला कसं कळणार? मूर्तीवर गावाचं नाव कोरलेलं नसतं. कोणत्या गावात, कोणत्या थरात, कशाशेजारी ती सापडली हे फक्त नोंदीत असतं. नोंद हरवली की मूर्ती सुंदर राहते, पण तिचा पत्ता जातो. हा पत्ता जपणं हेच संग्रहालयातल्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाचं मुख्य काम.

काम पहिलं: नोंद

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे नाव, धातू की दगड, लांबी-रुंदी, सापडल्याचं ठिकाण, तारीख, आजची अवस्था आणि फोटो. पूर्वी हे जाडजूड रजिस्टरात असायचं, आता संगणकात येतं. यासाठी पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या प्रणालीचं नावच 'जतन' आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने राष्ट्रीय पातळीवरच्या १० संग्रहालयांच्या वस्तू याच प्रणालीतून एका पोर्टलवर आणल्या. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग ही त्यातली काही.

नोंद नसली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण लंडनचं. तिथल्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा खराब झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. त्यातल्या अनेकांची नीट नोंदच नव्हती. जी वस्तू कागदावर नाही, ती गेली हे कळणार तरी कसं?

काम दुसरं: शोधता येणं

नोंद केली पण शोधल्यावर सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखी. 'अडम' हे नाव इंग्रजीत लिहिलं की ते बायबलमधल्या आदमसारखंच दिसतं. नुसतं तेवढंच टाइप केलं तर भलतंच काहीतरी समोर येणार. म्हणून गावासोबत तालुका, जिल्हा आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश लागतात. मराठीची अडचण आणखी वेगळी. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. असा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय संगणकाला 'मांढळ' हा शब्द सापडत नाही.

आपल्याकडे तर गोसीखुर्द धरणामुळे कितीतरी गावांना आपली जागा सोडावी लागली. गाव नव्या ठिकाणी वसलं, नाव मात्र तेच. मग 'सापडल्याचं ठिकाण' कोणतं लिहायचं? जुनी जागा आणि नवी जागा, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी लागते. हा निर्णय संगणक घेत नाही. इतिहासाचा अभ्यासक आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून तो घ्यावा लागतो.

काम तिसरं: पहारा आणि हवा

सीसीटीव्ही, धोक्याची घंटा, धुराचे सेन्सर, तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं, हे सगळं याच विभागाकडे. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल. लाकूड, कापड, कागद या वस्तू अशा चढ-उताराने फुगतात, आकसतात, तडकतात. यंत्राने दर तासाचा आकडा टिपला, तर बिघाड दिसण्याआधीच सावध होता येतं.

ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली. दोनशे वर्षांत जमवलेला संग्रह बहुतांश एका रात्रीत गेला. इमारतीत पाण्याच्या फवाऱ्याची स्वयंचलित यंत्रणा नव्हती. नंतर जगभरातल्या लोकांना तिथले जुने फोटो पाठवायचं आवाहन करण्यात आलं, म्हणजे निदान आठवण तरी उरेल.

काम चौथं: दुसरी प्रत

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. पुस्तकं जागेवरच होती, पण ऑनलाइन सूची काही महिने बंद पडली. यावरून धडा सोपा आहे: माहितीच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. ती प्रत खरंच उघडते का, हेही मधूनमधून तपासावं लागतं.

मग 'प्रमुख' नेमकं काय करतो?

तो पैसा आणि माणसं कुठे लावायची हे ठरवतो. मोठा टचस्क्रीन पाहुण्यांना लगेच दिसतो, उद्घाटनाच्या फोटोत येतो. दुसरी प्रत, चांगला पासवर्ड, देखभालीचा वार्षिक करार हे कुणाला दिसत नाही. शाळांमध्ये धूळ खात पडलेले प्रोजेक्टर आठवा. वस्तू आली, दुरुस्तीची तरतूद आली नाही. चांगला प्रमुख न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आग्रह धरतो.

नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात सहल नेली की मुलं बटणं दाबून प्रयोग करतात. १९९२ पासून हे केंद्र सुरू आहे. पुढच्या वेळी मुलांना एक प्रश्न विचारायला सांगा, "हे बिघडलं तर कोण दुरुस्त करतं?" नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात गेलात, तर प्रत्येक वस्तूवरचा क्रमांक शोधायला सांगा.

पालकांसाठी

या कामाकडे जाणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र. जोडीला संग्रहालयशास्त्र शिकायचं असेल तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय इथे सोय आहे. संगणकाबरोबर इतिहासाची आवड असलेल्या मुलाला "एक काहीतरी निवड" असं म्हणू नका.

वर्गात करून पाहा

मुलांना घरातली एक जुनी वस्तू निवडायला सांगा: पायली, जातं, कंदील, रेडिओ. तिचा फोटो काढा आणि एका तक्त्यात क्रमांक, नाव, कशाची बनलेली, माप, कुणाच्या घरची आणि मूळ कोणत्या गावची हे भरा. पुनर्वसित कुटुंब असेल तर आजी-आजोबांना जुन्या गावाचं नाव आणि जागा नक्की विचारा. ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

एक सूचना महत्त्वाची. शेतात नाणं, मूर्ती असं काही सापडलं तर ते शाळेत आणायचं नाही, आणखी खणायचंही नाही. जागा जशी आहे तशी ठेवून तहसील कार्यालयाला कळवायचं. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबाबत १८७८ पासून कायदा आहे, आणि उचललेल्या वस्तूचा पत्ता तिथेच पुसला जातो.

तुमच्या वर्गाचा तक्ता तयार झाला की त्याच्या दोन प्रती काढा. एक शाळेत ठेवा, एक गावात दुसरीकडे कुठेतरी.