टेकली आहे की मिठी मारली आहे?

आमच्या शाखेतले एक जुने कॅशियर. तंबाखू चाळीस वर्षांची. जिभेच्या कडेला एक व्रण झाला होता, तो दातामुळे झाला असेल म्हणून त्यांनी अंगावर काढला. मग एके दिवशी दाढी करताना जबड्याच्या कोपऱ्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून आणखी दोन महिने गेले. शेवटी तपासणी झाली, सुईने नमुना घेतला गेला आणि जे नाव घरात कुणी उच्चारत नव्हतं ते कागदावर आलं. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती.

वहिनींनी सर्जनना एकच विचारलं, "डॉक्टर, मुळापासून काढून टाकाल ना?"

"आधी मला मानेचे फोटो पाहू द्या," डॉक्टर म्हणाले.

वहिनींना ती टाळाटाळ वाटली. खरं सांगायचं तर मलाही. रोग ठरला, गाठ हाताला लागते, मग आणखी फोटो कशाला? पण जमिनीवर कर्ज देण्याआधी सातबारा पाहण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. वरून दिसणारी जमीन आणि उताऱ्यातली जमीन यांत किती अंतर असतं हे मला तरी कळायला हवं होतं.

कंठमण्याच्या शेजारी दोन बोटं ठेवली की जी धडधड लागते ती कॅरोटिड नावाची रोहिणी. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी तिचे दोन फाटे होतात. एक चेहऱ्याला रक्त पुरवतो. दुसरा मानेत कुणालाही एक थेंब न देता थेट मेंदूत जातो. सुश्रुताने मानेतल्या 'मातृका' शिरांना मर्म म्हटलं आणि तिथे घाव बसला तर माणूस तत्काळ दगावतो असं बजावून ठेवलं. कॅन्सरच्या पेशी ज्या गाठींमध्ये उतरतात त्या नेमक्या याच रस्त्याच्या कडेने असतात.

1906 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल या सर्जनने मानेतल्या या गाठी आजूबाजूच्या पेशीजालासकट एकत्र काढण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीत गळ्याची मोठी नीला आणि वरचा जाड स्नायूही काढला जाई. एका बाजूची नीला गेली तरी माणूस निभावतो. रोहिणीचं तसं नाही. ती बांधली तर काहींना काहीच होत नाही आणि काहींचं अर्धं अंग जातं, वाचा जाते. म्हणून गाठ रोहिणीला नुसती टेकली आहे की तिने मिठी मारली आहे, हा प्रश्न आला. मान उघडून बोट घातल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नसे. कधीकधी उघडलेली मान तशीच शिवावी लागे. 1971 साली लंडनमध्ये सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला, पुढे एमआरआय आला, आणि चाकू उचलण्याआधी आत डोकावता येऊ लागलं.

डॉक्टरांनी आमच्यासमोर फिल्म उजेडावर धरली. मान आडवी कापल्यासारखं चित्र. औषध टोचल्यामुळे रोहिणी म्हणजे एक पांढरा गोल ठिपका, शेजारी करड्या रंगाची गाठ. दोघांच्या मधे चरबीची एक बारीक रेघ असते. ती दिसली तर सुटकेचा श्वास टाकायचा. आमच्या फिल्मवर ती रेघ नव्हती. मग दुसरं माप. ठिपका म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. करड्या रंगाने अर्ध्याहून कमी तबकडी व्यापली असेल तर गाठ बहुधा सोडवता येते. 1995 साली एमआरआयवरच्या एका अमेरिकन अभ्यासात 270 अंशांची खूण पुढे आली. म्हणजे तबकडीतले नऊ तास. तितका किंवा त्याहून जास्त वेढा असेल तर ती सहसा सोलून निघत नाही. अधलं सगळं धूसर. आमचे कॅशियर सात तासांवर होते.

सोनोग्राफीही झाली. त्यात गाठ बोटाने हलवून ती रोहिणीवरून सरकते का हे चालू चित्रात दिसतं. थोडी सरकत होती. तरी रोहिणी कापावी लागलीच तर मेंदू तग धरेल का, हे पाहायला मांडीतून नळी घालून तिच्यात छोटा फुगा फुगवला आणि अर्धा तास रक्त अडवलं. रुग्णाला जागंच ठेवतात. हात दाबायला, बोलायला लावतात. यांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. हे दोनपर्यंत येऊन थांबले आणि म्हणाले, "आणखी मोठी रक्कम द्या." ही परीक्षा पास झालेल्यांनाही पुढे पक्षाघात होऊ शकतो, हे डॉक्टरांनी वहिनींना तिथेच सांगून टाकलं.

शेवटी बोटांनीच निकाल दिला. पाच तासांनंतर गाठ सुटली. नीला गेली, रोहिणी राहिली.

ते पाच तास मी बाहेर बाकावर होतो. शेजारी विशीचा एक मुलगा बसला होता, मांडीवर तसाच मोठा लिफाफा. वडील रिक्षा चालवायचे. "पैसेवाल्यांची करतात," तो म्हणाला, "आमच्या बाबांना मात्र ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं. शेकायला पाठवतायत." मी त्याची फिल्म मागून घेतली. नुकतंच शिकलेलं होतं, म्हणून कळलं. पांढरा ठिपका होता आणि त्याच्याभोवती पूर्ण कडं. कुठेही फट नाही.

मी त्याला घड्याळाचा हिशेब सांगितला. असा वेढा असताना रोहिणीच कापून तिथे पायातली शीर जोडण्याचं काम काही ठिकाणी करतात. पण जिवाला धोका मोठा, आणि एवढं करूनही आजार बहुतेकदा परत येतो, हेही सांगितलं. शेक आणि इंजेक्शनं हे हाकलून देणं नाही, अशा वेढ्यावर बहुधा हाच उपचार करतात, असं म्हणालो. ते त्याला पटलं का, कोण जाणे. डॉक्टरांनी दोन मिनिटं फिल्म दाखवली असती तर माझ्यासारख्या उपटसुंभाची गरज पडली नसती.

त्याने फिल्म ट्यूबलाइटकडे धरली. बोटाने ठिपक्याभोवती एकदा फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा. नंतर ती जपून लिफाफ्यात घातली आणि विचारलं, "काका, शेक देतात तो विभाग कितव्या मजल्यावर आहे?"