मोह नाही तोडायचा, डिश हलवायची



आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी वापरात नसलेले पण चालू टीव्ही संच आणि त्यासोबत डिश पाड्यांवरच्या घरांसाठी दिल्या. त्या पोहोचवण्याचे आणि बसवून देण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यातल्या काही डिश बंद पडल्या आहेत, आणि त्या बिघडलेल्या नाहीत. बसवताना आम्ही झाडांचा विचार नीट केला नाही, एवढेच कारण आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मंडळीतले तरुण पुन्हा मदतीला येणार आहेत, म्हणून आम्ही शिकलो ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांचे गावी झाडांमध्ये घर आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी घडले ते सांगतो. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एप्रिलमध्ये आम्ही डिश बसवली. घर कुडाचे, म्हणून भिंतीला न लावता पुढच्या मेढीला पक्की केली. घरात नववीतून दहावीत गेलेली मुलगी. डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे लागत नाही, आणि त्यावर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्याही दिसतात. चित्र स्वच्छ आले. चहा झाला, प्रार्थना झाली, आम्ही परतलो. जूनअखेर शाळा सुरू झाल्यावर निरोप आला की पडद्यावर काहीच नाही.

तालुक्याच्या गावातून डिशवाला आला. त्याने डिश जिकडे तोंड करून होती तिकडे पाहिले आणि समोरच्या मोहाकडे बोट दाखवले. हे झाड काढा, मग चित्र येईल. मुलीचे वडील मोठ्या पेचात पडले. हा मोह त्यांच्या आजोबांच्या वेळचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून घरातली सगळी माणसे त्याची फुले वेचतात, पुढे बियांचे तेल निघते. एकीकडे मुलीचे दहावीचे वर्ष, दुसरीकडे हे झाड. आजी मात्र पेचात नव्हती. ती एवढेच म्हणाली, "मोह नाय तोडाचा." आम्ही पोहोचलो तेव्हा वडिलांनी कुऱ्हाडीला धार लावून ठेवली होती, पण ती उचलली नव्हती.

मोहाचा काही दोष नव्हता, हे कसे ओळखायचे ते आता पाहू.

डीडी फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येतात. २०१५ च्या नोव्हेंबरात तो सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर त्याची जागा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तो फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. म्हणूनच डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही.

जव्हार-मोखाड्याहून पाहिले तर ही जागा जवळजवळ नेमकी आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडेही आग्नेयच, ५६ अंशांच्या आसपास. मेळघाटात धारणीला ती थोडी दक्षिणेकडे सरकते आणि ५८ अंशांवर जाते. भामरागडला तर ती आग्नेय आणि दक्षिण यांच्या मधे, सुमारे ६३ अंशांवर. पूर्वेकडे जाल तसा उपग्रह वर चढतो, आणि झाडांचा त्रास कमी होतो. खासगी सेवांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत. त्यातला एक १०८ अंश पूर्वेला आहे. तो मोखाड्याहून जेमतेम ४४ अंश वर दिसतो, म्हणजे झाडांच्या घरात तो जास्त अडतो. म्हणून कोणती सेवा घ्यायची हे ठरवतानाही आधी अंगणात उभे राहून पाहावे.

५७ अंश म्हणजे किती? क्षितिजापासून डोक्यावरच्या माथ्यापर्यंतचे अंतर ९० अंश. अर्ध्यापेक्षा बरेच वर. माणूस मान बरीच मागे टाकतो तेव्हा तिथे नजर पोहोचते. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण डिशकडे पाहून ती इतकी वर पाहते आहे असे वाटतच नाही. ती जवळजवळ उभी दिसते. या घरगुती डिश मुद्दाम तशा घडवलेल्या असतात. समोरच्या दांडीवरचा एलएनबी खालच्या बाजूला असतो, आणि वरून आलेल्या लहरी तबकडीवर आपटून त्याच्याकडे वळतात. त्यामुळे तबकडीचे तोंड दिसते त्यापेक्षा तिची खरी नजर वीस-पंचवीस अंश वर असते. आमच्या डिशचे तोंड साधारण ३३ अंशांकडे होते, आणि घरापासून ६० फुटांवरच्या त्या मोहाचा शेंडाही बरोबर तेवढ्याच कोनात येत होता. डिशवाल्याला तो नेमका समोर दिसला. प्रत्यक्षात उपग्रहाच्या लहरी मोहाच्या पुष्कळ वरून येत होत्या. मोह तोडला असता तरी पडदा कोराच राहिला असता.

मग अडवत काय होते? कुंपणातले साग. घरापासून आठ फुटांवर चार-पाच साग, उंची पंचवीसेक फूट. आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा त्यांच्यावर पानच नव्हते. नुसत्या काठ्यांमधून लहरी आरपार येत होत्या आणि आम्ही खूश होतो. पाऊस पडला, सागाला सुपाएवढी पाने आली आणि खिडकी बंद झाली. चूक सर्वस्वी माझी. पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात डिश बसवणाऱ्याने झाडाकडे ते जुलैत असेल तसे पाहायला हवे. साग, पळस, मोह, सगळे त्या दिवसांत कधी ना कधी उघडे होतात. आंबा मात्र बारा महिने पानांनी भरलेला, तो फसवत नाही. बांबूचे बेट सगळ्यात वाईट: पावसाळ्यात नवे कोंब झपाट्याने वर येतात आणि वाऱ्याने डुलतात, म्हणून चित्र येते-जाते.

पानांनी एवढा फरक का पडावा, असे मुलीने विचारले. जुन्या काळी बांबूवर काट्यांचा अँटेना लावत, तेव्हा झाडे अशी आड येत नव्हती. याचे कारण लहरींच्या लांबीत आहे. त्या काळच्या दूरदर्शनच्या लहरी मीटर-दीड मीटर लांबीच्या, त्या झाडांना वळसा घालून थोड्याफार पोहोचत. डिशच्या लहरी जेमतेम एक इंचाच्या. त्यांच्यापुढे पान मोठे ठरते, आणि पानातले पाणी त्यांना शोषून घेते. भिजलेले पान तर आणखी जास्त. जोराच्या सरीत उघड्यावरची डिशही काही मिनिटे जाते, त्याला इलाज नाही. पण रिमझिम थांबल्यावरही तासभर चित्र येत नसेल तर ओली पाने आड आहेत असे समजावे.

अँटेनाच्या सवयीने लोक अजून डिश उंच चढवू पाहतात. एका ठिकाणी तर ती आंब्याच्या फांदीला बांधलेली पाहिली. झाडाला डिश कधीही बांधू नये. झाड वाऱ्याने हलते, आणि डिश दोन-तीन अंश हलली तरी उपग्रह हातचा जातो. शिवाय उंचीने मिळते फार थोडे. तीन फूट वर चढवून जो फायदा होतो तोच झाडापासून दोन फूट मागे सरकून होतो, आणि जमिनीवर दोन फूट सरकायला शिडी लागत नाही.

हेच मोजमाप हाताशी ठेवायचे. मोखाड्यासारख्या भागात झाड डिशच्या वर जितके उंच, त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त अंतर आडवे हवे. झाड डिशपेक्षा ३० फूट उंच असेल तर निदान २० फूट दूर, आणि पुढच्या वाढीसाठी आणखी पाच-सात फूट सोडावेत. अंतर खोडापासून मोजू नये. आपल्याकडे झुकलेल्या फांदीच्या टोकापासून मोजावे. हा हिशेब फक्त आग्नेयेच्या रेषेत येणाऱ्या झाडांपुरता. मागच्या, डाव्या-उजव्या झाडांनी काही बिघडत नाही, ती बिनधास्त असू द्यावीत.

झाडाची उंची मोजायला यंत्र लागत नाही. त्या दिवशी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खडा लोंबकळवला. कोनमापकाची सरळ कड डोळ्याशी धरून शेंड्याकडे रोखायची, गोल बाजू खाली. सपाट धरला तर दोरा ९० वर असतो. जसजसे वर पाहाल तसतसा तो कमी आकड्याकडे सरकतो. ५७ अंशांसाठी दोरा ३३ वर आला पाहिजे. शेंड्याकडे रोखल्यावर दोरा ४० किंवा त्याहून जास्त आकड्यावर असेल तर ते झाड खात्रीने खाली आहे. ३३ पेक्षा कमी आला तर झाड आड येते. मधले आकडे जोखमीचे. सागांवर दोरा २३ वर आला, मोहावर ५७ वर. वडिलांनी स्वतः दोनदा मोजले, मग आजीला बोलावून दाखवले. तिला आकड्यांत रस नव्हता, पण कुऱ्हाड आत गेली.

दिशा मोबाइलच्या होकायंत्राने मिळते, मात्र पत्र्याच्या छपराखाली किंवा मोटारसायकलजवळ उभे राहून पाहू नये. लोखंडाने काटा भरकटतो. उघड्यावर पाच-सहा पावले जाऊन पाहावे.

यापेक्षाही सोपी एक कसोटी आहे, पण ती वर्षातून दोनदाच मिळते. मार्चच्या ११-१२ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या १-२ तारखेच्या आसपास काही दिवस, सकाळी अकराच्या सुमाराला, आपल्या भागातून पाहताना सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. त्या वेळी चालू डिशचे चित्र काही मिनिटे बिघडते, घाबरू नये. पण जागा शोधणाऱ्यासाठी ती मोठी सोय आहे. डिश जिथे बसवायची तिथे अकराच्या आधी आणि नंतर पाव तास ऊन पडलेले असले, तर उपग्रहही तिथून मोकळा आहे. सावली पडली, तर ज्या झाडाची सावली तेच झाड आड येते. त्यात मार्चमध्ये पाने झडलेली असतात हे विसरू नये. ऑक्टोबरची कसोटी खरी. इतर महिन्यांत सूर्याची वाट वर-खाली सरकते, म्हणून डिसेंबरातल्या अकराच्या सावलीवर विसंबू नये.

त्या घराची डिश शेवटी मेढीवरून उतरवली आणि सागांच्या पलीकडे, खळ्याच्या कोपऱ्यावर नेली. डिश घरालाच असली पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. चांगल्या प्रतीची केबल असेल तर शंभर फुटांपर्यंत सहसा अडचण येत नाही. आम्हाला चाळीस फूट पुरली. ती प्लॅस्टिकच्या नळीत घालून जमिनीत पुरली, कारण उघडी केबल उंदीर कुरतडतात आणि कुदळीने तुटते. लोखंडी पाइप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये उभा केला. तो ओळंब्यात अगदी सरळ हवा. पाइप कलला तर डिशवरचे अंशांचे आकडे खोटे पडतात. भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले, नाहीतर गुरे अंग घासतात. वानरे डिशवर बसतात त्यावर मात्र उपाय सापडला नाही. नव्या जागेपासून मोह ४० फुटांवर आला आणि डिशच्या वर तो साधारण तेवढाच उंच, म्हणजे ४५ अंश. मधे भरपूर मोकळे आकाश राहिले.

डिश जुळवताना सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंथची पट्टी उपग्रह नसतानाही भरलेली दिसते, तिच्यावर जाऊ नये. क्वालिटीची पट्टी वाढली पाहिजे. डिश अगदी हळू, एका वेळी बोटभर हलवावी आणि थोडे थांबावे. शेजारीच ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे. पट्टी भरली पण वाहिन्या आल्या नाहीत, तर आपण त्याच्यावर थांबलो असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की केबल बॉक्समधून काढून ठेवावी, आणि पाइपला अर्थिंग करून घ्यावे. उघड्यावरच्या उंच लोखंडाला हे टाळून चालत नाही.

साग तोडण्याचा प्रश्नही निघाला होता. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांना कायद्याचे वेगळे नियम आहेत, आणि सागाला हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. मदत करायला गेलेल्यांनी परस्पर "तोडा" म्हणून सांगितले तर कागदांचा त्रास त्या कुटुंबाला होतो, आपल्याला नाही. तरुणांनी हे कृपया ध्यानात ठेवावे.

खळ्यावरच्या डिशने सारा श्रावण काढला. मुलीने मध्ये एकदा फोन करून सांगितले की भूमितीचा कोनमापक मीच खिशात घालून आणला. तो परत पाठवला आहे.

टीव्ही संच सध्या पुरेसे आहेत. या तिमाहीत ज्यांना काही द्यायचे असेल त्यांनी चांगली केबल, सात फुटी लोखंडी पाइप आणि सिमेंट द्यावे. बंद पडलेल्या घरांची यादी तयार आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जे सकाळी दहाच्या आत पाड्यावर पोहोचू शकतील, त्यांनी आपली नावे कळवावीत. अकराचे ऊन बघायचे आहे.