फळांचा केक आणि बालकांचा आहार : साखर कमी करण्यामागील पाकशास्त्र

भिवंडी शहरातील धामणकर नाका हा यंत्रमागांच्या वस्तीला लागून असलेला, शाळा-महाविद्यालयांमुळे सदैव गजबजलेला भाग होय. अशा भागातील कोणत्याही बेकरीच्या काचेच्या कपाटात पाव, खारी, बटर व नानकटाई यांच्या जोडीला कागदी वाटीत भाजलेले लहान केक मांडलेले आढळतात. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती सकाळी घाईघाईने दिला जाणारा खाऊ बहुधा यांतूनच येतो. यांपैकी लाल, हिरवे व पिवळे तुकडे मिरविणाऱ्या केकला ‘फ्रूट केक’ असे नाव आहे, आणि त्या नावातील फळामुळे पालकांच्या मनास थोडेसे समाधानही लाभते. वस्तुतः हे रंगीत तुकडे, म्हणजे ज्यास ‘टूटी-फ्रूटी’ म्हणतात ते, कच्च्या पपईचे असतात. पपईचे बारीक चौकोनी तुकडे उकळून, ते साखरेच्या उत्तरोत्तर दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवून व रंगवून वाळविले जातात. या क्रियेच्या अंती पपईतील पाण्याची जागा साखरेने घेतलेली असते आणि फळाचे म्हणून जे काही मूळचे गुण, त्यांपैकी आकार व थोडासा चोथा एवढेच शिल्लक राहते. सबब, फळाचा केक व फळाच्या नावाचा केक यांत भेद करणे, ही या विषयाच्या विवेचनाची पहिली पायरी ठरते.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५३.८ टक्के होते. ज्या वयात पोट लहान व गरज मोठी असते, त्या वयात मैदा, साखर व वनस्पती तूप यांनी पोट भरले की डाळ, भाजी व भाकरी यांना तेवढी जागा उरत नाही. केकचा खरा दोष तो काय देतो यापेक्षा तो कशाची जागा अडवितो, यात अधिक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ती ५ टक्क्यांच्या आत आणावी. मुक्त शर्करा म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांचे रस यांतील साखर; अखंड फळाच्या पेशीत बंदिस्त असलेली साखर तीत धरली जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या गरजांप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्याचे ५ टक्के म्हणजे ६८ किलोकॅलरी, अर्थात १७ ग्रॅम साखर. आता नेहमीच्या घडणीचा एक घाणा विचारात घेऊ : मैदा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १०० ग्रॅम, दोन अंडी व पेलाभर दूध. यात बारा मफिन होतात. प्रत्येकात साडेबारा ग्रॅम साखर येते. एका मफिनने त्या बालकाची दिवसाची मर्यादा जवळजवळ तीन चतुर्थांश संपते, आणि सकाळचा गोड चहा अद्याप हिशेबात धरलेलाच नाही.

मग साखर निम्म्याने कमी केली म्हणजे झाले, असे सहज वाटते. गृहिणी तसा प्रयत्न करतात आणि हाती येतो तो घट्ट, कोरडा, डोक्यावर शेंडी आलेला व आतून बोगदे पडलेला गोळा. याचे कारण असे की, केकमध्ये साखर ही केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी स्वतःकडे ओढून धरते. त्यामुळे मैद्यातील प्रथिनांना चिकट जाळे विणण्यास पुरेसे पाणी मिळत नाही व केक मऊ राहतो. गव्हाचे पिष्ट नुसत्या पाण्यात सुमारे ६० अंश सेल्सियसपासून फुगू लागते. दाट साखरेच्या मिश्रणात हेच तापमान ८० अंशांच्या पुढे ढकलले जाते. अंड्यातील प्रथिनांचे गोठणेही साखरेमुळे लांबते. या विलंबाच्या अवधीतच वायूचे बुडबुडे प्रसरण पावतात आणि केक फुलतो. साखर काढून घेतली की सांगाडा लवकर आवळतो, आत अडकलेला वायू मिळेल त्या वाटेने वर धाव घेतो, आणि तीच वाट बोगद्याच्या रूपाने दिसते. याखेरीज तांबूस रंग, भाजल्याचा सुवास व टिकाऊपणा हेही बऱ्याच अंशी साखरेचेच काम आहे. तात्पर्य, साखर कमी करावयाची तर तिने केलेली ही सर्व कामे कोणाकडे तरी सोपवावी लागतात.

फळाचा उपयोग येथे होतो, तो गोडीहूनही पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. पिकलेल्या केळ्याच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते व ते पेक्टिन आणि तंतू यांच्या जाळ्यात धरलेले असते. हिरव्या केळ्यात २० टक्क्यांच्या आसपास पिष्ट असते. फळ पिकताना विकरांच्या क्रियेने त्यातील बहुतेक पिष्टाची साखर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेले, विक्रेता स्वस्तात काढून टाकू पाहतो असे केळे या कामी सर्वांत उत्तम. जळगावपासून वसईपर्यंत केळ्याची परंपरा असलेल्या या प्रांतात दुसऱ्या फळामागे धावण्याचे फारसे कारण नाही. डहाणू-घोलवडचा चिकू पूर्ण पिकलेला असल्यास चांगला चालतो. अर्धवट पिकलेल्या चिकूतील टॅनिनमुळे मात्र तुरटपणा येतो व तो भाजल्यानेही जात नाही. अननस व कच्ची पपई यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात, तेव्हा ती फळे कच्ची घातल्यास मिश्रण सैल पडते. अगोदर शिजवून घेतली की हा दोष राहत नाही. जांभळाचा गर सोड्याच्या संगतीत निळसर-करडा होतो. तो अपायकारक नाही, परंतु असा केक मुले खातील अशी आशा बाळगू नये.

येथे एक सूक्ष्म मुद्दा अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा. फळ कुस्करले की त्याच्या पेशी फुटतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार अशा कुस्करलेल्या वा गाळलेल्या गरातील साखर मुक्त शर्करेतच मोजली जाते. ‘साखरविरहित, केवळ फळांच्या गोडीचा’ अशी जाहिरात करणाऱ्या पदार्थांचे तेज त्यामुळे बरेच उतरते. गुळाविषयीही असाच गैरसमज रूढ आहे. गुळात मुख्यत्वे ऊससाखरच असते. त्याची चव भारदस्त असल्याने थोड्यात भागते, हा त्याचा खरा लाभ. तो साखर नव्हे, असे मात्र नाही.

वरील विचारानुसार पूर्वीच्याच घाण्याची फेररचना पुढीलप्रमाणे करता येते. कणीक १५० ग्रॅम, नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, कुस्करलेले पिकलेले केळे २०० ग्रॅम, किसलेला गूळ ६० ग्रॅम, शेंगदाण्याचे वा सूर्यफुलाचे तेल ६० ग्रॅम, दोन अंडी, दही ८० ग्रॅम, बेकिंग पावडर ७ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ ग्रॅम, चिमूटभर मीठ व वेलदोडा. कोरडे जिन्नस एकीकडे चाळावेत, ओले दुसरीकडे एकजीव करावेत, आणि दोन्ही एकत्र करताना पीठ दिसेनासे होताच हात थांबवावा. केळ्यातील व दह्यातील आम्ल एवढ्याच सोड्यास पुरते. सोडा वाढविल्यास साबणासारखी चव येते व अल्कधर्मी मिश्रणात थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. नाचणीत चिकट प्रथिन नसल्याने ती एकंदर पिठाच्या एक पंचमांशाहून अधिक घेऊ नये, अन्यथा केक हातातच भुगा होतो. भट्टी १८० अंशांवर, सुमारे वीस ते पंचवीस मिनिटे.

अन्नघटकांच्या सारणीवरून हिशेब केल्यास नव्या मफिनमध्ये गूळ ५ ग्रॅम पडतो. कुस्करलेल्या केळ्याची साखरही त्यात मिळविली तरी बेरीज साडेसात ग्रॅमच्या आसपास राहते. तंतूंचे प्रमाण सुमारे ०.६ ग्रॅमवरून २.३ ग्रॅमवर जाते. पिठांपासून मिळणारे लोह जवळजवळ दुप्पट होते. परंतु दुप्पट म्हणजे किती, तर ०.३७ मिलिग्रॅमचे ०.७८ मिलिग्रॅम, आणि त्या वयाच्या बालकाची शिफारस केलेली दैनंदिन मात्रा आहे ११ मिलिग्रॅम. नाचणीच्या कॅल्शियमचा तर मोठा बोलबाला आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३६० मिलिग्रॅम असते हे खरेच. पण ५० ग्रॅम पीठ बारा मफिनांत वाटले गेल्यावर प्रत्येकी १५ मिलिग्रॅम उरते, आणि गरज आहे ५५० मिलिग्रॅमची. त्यातही कोंड्यातील व नाचणीतील फायटेट लोह व कॅल्शियम या दोहोंचे शोषण कमी करते. लोहशोषणास साहाय्य करणारे क जीवनसत्त्व भट्टीच्या उष्णतेत बरेचसे नष्ट होत असल्याने फळ केकमध्ये घालून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. त्यासाठी केकसोबत पेरूची एक फोड द्यावी, तीही स्वस्त पडते. ‘नाचणीचा पौष्टिक केक’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

स्निग्ध पदार्थाच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. बेकरीत दीर्घकाळ वापरात असलेल्या वनस्पती तुपात द्रव तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण झाल्याने ट्रान्स मेदाम्ले निर्माण होत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी केली. मात्र पर्याय म्हणून जे पामजन्य घट्ट मेद वापरले जातात, त्यांत संपृक्त मेदाम्ले विपुल असतात. फेररचित मिश्रणात लोणी फेटून हवा भरण्याची पायरीच नसल्याने द्रव तेल निर्वेध चालते, हा मफिन पद्धतीचा एक दुर्लक्षित गुण आहे.

भाजण्याचा रंगही विचारार्ह आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ उच्च तापमानास भाजताना किंवा तळताना ॲक्रिलामाइड तयार होते. ते ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल व क्षपणकारी शर्करा यांच्या संयोगाने निर्माण होते. कणकेत मैद्यापेक्षा ॲस्पॅराजीन अधिक, तर केळ्यात व गुळात क्षपणकारी शर्करा अधिक. म्हणजे पौष्टिकतेसाठी केलेला बदलच येथे थोडासा उलटू शकतो. उपाय साधा आहे : केक सोनेरी होताच उतरवावा, तपकिरी कडांचा मोह धरू नये.

यंत्रमागावर पाळीने काम करणाऱ्यांच्या एका खोलीच्या घरात भट्टी कोठून यावी, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोकणात विजेच्या भट्टीच्या फार पूर्वीपासून तवशाच्या किसाचे, गुळाचे व तांदळाच्या रव्याचे धोंडस भाजले जात आले आहे. जाड बुडाच्या पातेल्याखाली निखारे, झाकणावरही निखारे, आणि मध्ये फळभाजीच्या ओलाव्यावर फुललेला रवा. फणसाच्या रसाचे सांदण तर वाफेवरच होते. गव्हाचा चिकट सांगाडा, अंडी व बेकिंग पावडर यांवाचून, फळातील पाण्याच्या बळावर मऊपणा साधण्याची ही रीत तत्त्वतः वर सांगितलेल्या फेररचनेचीच आहे. आज निखाऱ्यांऐवजी जाड पातेल्यात मिठाचा थर देऊन, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर हाच केक पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो. वरचा पापुद्रा फिका राहतो, एवढेच.

बेकरीवाल्यास हा केक विकणे परवडेल काय, हा प्रश्न वेगळा आहे व त्याचे उत्तर सध्या तरी फारसे आशादायक नाही. साखरेने पाणी बांधून ठेवलेला केक कपाटात काही दिवस टिकतो. केळ्याच्या ओलाव्याचा, कमी साखरेचा केक मात्र बुरशीस सुपीक ठरतो. भिवंडीच्या पावसाळी दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपला पाहिजे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड व अतिस्निग्ध पदार्थ विकण्यास प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे, परंतु त्या जागी काय विकावे व ते शिळे झाल्यास नुकसान कोणी सोसावे, याचा निर्देश त्यात नाही. सबब तूर्त हा पदार्थ घरच्या चुलीवर किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात, त्या दिवसापुरताच करण्याजोगा आहे. मिश्रण उरल्यास ते राखून ठेवण्यात अर्थ नाही, कारण सोड्याचा वायू तासाभरात निघून जातो. त्याचे तव्यावर लहान घावन घालून त्याच वेळी संपवावे.