वर्ग एक, महाविद्यालये अनेक. शिस्त कोणाच्या हाती?

ग्वाल्हेरमधील ‘कंपू’ हे वस्तीचे नाव मराठी वाचकाला परके वाटत नाही. महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या डी बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींना मराठी इतिहासलेखनात ‘कंपू’ म्हटले जाते. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ ठोकला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. आज याच कंपू भागात शासकीय कमलाराजा कन्या महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थिनी आणि गोव्यातील एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी आता एकाच ऑनलाइन वर्गात असू शकतात, आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापक तिसऱ्याच राज्यात. अशा वर्गात एखाद्याने गैरवर्तन केले, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे गोव्यातील विद्यार्थी आणि पालकांसाठीही महत्त्वाचा ठरतो.

शिकवणारा एक, नोंदवहीवाला दुसरा

केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, एखाद्या कार्यक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी ‘स्वयम’वरून पूर्ण करू शकतो. या रचनेत दोन संस्था असतात. अभ्यासक्रम घडवणारी व मूल्यमापन करणारी ती यजमान संस्था, आणि विद्यार्थ्याचा प्रवेश जेथे झाला आहे व जेथे त्याचे श्रेयांक जमा होतात ती मातृसंस्था.

गुणांबाबत ही विभागणी चांगली चालते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’ अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५, तर केंद्रावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेला ७५ गुणांचा भार असतो. वर्तनाबाबत मात्र अडचण निर्माण होते. यजमान संस्थेतील प्राध्यापकांसमोर गैरप्रकार घडतो, पण विद्यार्थी त्यांचा नसतो. मातृसंस्थेच्या प्राचार्यांचा विद्यार्थ्यावर अधिकार चालतो, पण त्यांच्यापुढे ना तो वर्ग असतो, ना तेथील संभाषणाची नोंद.

तीन प्रकारचे गैरवर्तन

अशा वर्गातील तक्रारी साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार नक्कल किंवा दुसऱ्याकडून स्वाध्याय लिहून घेण्याचा. येथे घाई घातक ठरते. बहुपर्यायी प्रश्नांत हजारो विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी येणे स्वाभाविक आहे. साम्य हा संशयाचा आधार होऊ शकतो, एकट्याने पुरावा नव्हे.

दुसरा प्रकार चर्चेच्या जागेतील असभ्य भाषेचा, एखाद्याचे उच्चार, जात, प्रदेश वा दिसणे यांवरून टिंगल करण्याचा. पुष्कळदा याकडे ‘गंमत’ म्हणून दुर्लक्ष होते. वास्तविक, रॅगिंगविरोधी विनियमांत (२००९) आयोगाने २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जात, धर्म, लिंग, रंगरूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख किंवा आर्थिक स्थिती यांवरून सहाध्यायाला लक्ष्य करून केलेला मानसिक छळही रॅगिंगच्या व्याख्येत येतो. यासाठी आयोगाची १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी अहोरात्र सुरू असते.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. अभ्यासक्रमाच्या निमित्ताने बनलेल्या व्हॉट्सॲप गटातून एखाद्या विद्यार्थिनीचा क्रमांक मिळवून तिला सतत संदेश पाठवणे, तिची छायाचित्रे फिरवणे, तिच्या नावाने खोटे खाते काढणे. हा गट अधिकृत व्यासपीठाचा भाग नसल्याने यजमान संस्था जबाबदारी झटकू शकते आणि आरोपी आपला नसल्याने मुलीचे महाविद्यालयही.

कायदा काय सांगतो?

या तिसऱ्या प्रकाराबाबत एक महत्त्वाची तरतूद फारशी परिचित नाही. उच्च शिक्षण संस्थांतील लैंगिक छळ प्रतिबंधासाठी आयोगाने केलेल्या २०१५ च्या विनियमांत ‘विद्यार्थी’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. नियमित विद्यार्थ्यांबरोबर दूरशिक्षणाचे विद्यार्थी तीत येतात. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या संस्थेच्या उपक्रमात सहभागी झालेल्या विद्यार्थ्याचा छळ तेथे झाल्यास, त्या विनियमांपुरता तो त्याच संस्थेचा विद्यार्थी मानला जातो. म्हणजे ‘ही मुलगी आमची नाही’ हे उत्तर यजमान संस्थेला सहजी देता येणार नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत तक्रार समितीकडे द्यायची असते, आणि समितीने चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते.

तरीही ‘घटना घडली कोठे’ हा प्रश्न उरतो. संदेश गोव्यातून निघाला, ग्वाल्हेरमध्ये वाचला गेला आणि वर्ग चेन्नईचा होता, तर स्थळ कोणते? सभागृह, वसतिगृह आणि सहल यांना ठाव असतो, संदेशाला नसतो. स्थळाचा हा वाद मिटेपर्यंत तीन महिन्यांची मुदत मात्र संपत आलेली असते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्धच्या घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच स्पष्ट केले, की परीक्षेतील गैरप्रकारासाठी विद्यार्थ्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. दूरवरच्या संस्थेने एका ई-मेलने निकाल रोखावा आणि मातृसंस्थेने तो मुकाट मान्य करावा, ही पद्धत या तत्त्वात बसत नाही.

आधीच ठरवण्याच्या गोष्टी

या अडचणीवर नवा कायदाच हवा असे नाही. नोंदणीपूर्वी दोन्ही संस्थांनी पाच मुद्दे लेखी ठरवले, तरी बहुतेक वाद टळतील.

एक, अधिकारांची वाटणी. स्वाध्याय रद्द करणे, गुण कापणे किंवा चर्चेतून वगळणे हे यजमान संस्थेकडे. दंड, निलंबन यांसारखी शिक्षा मातृसंस्थेकडे. एकाच कृत्यासाठी दोन्हीकडून दुहेरी शिक्षा नको.

दोन, तक्रार जेथे आली तेथे ती स्वीकारली जावी. योग्य समितीकडे ती ठरावीक दिवसांत पोहोचवण्याची जबाबदारी संस्थेची असावी, तक्रारदाराची नव्हे.

तीन, पुरावा. यजमान संस्थेने चर्चेच्या व प्रवेशाच्या नोंदी ठरावीक काळ जपाव्यात आणि मागितल्यास मातृसंस्थेला द्याव्यात. विद्यार्थ्यांनीही संदेश पुसून न टाकता दिनांक व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत.

चार, सुनावणी. ती दृक्‌श्राव्य माध्यमातून आणि विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत व्हावी. म्हापशाच्या मुलाला चेन्नईला किंवा कंपूतील मुलीला पणजीला हेलपाटा पडू नये.

पाच, श्रेयांक. २०२१ पासून श्रेयांक ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये साठवता येतात. चौकशीचा निर्णय श्रेयांक जमा झाल्यावर आला, तर दुरुस्ती कोणी व कशी करायची, हे आधी ठरलेले असावे. निर्दोष ठरलेल्याचे सत्र वाया जाणार नाही याचीही हमी त्यातच असावी.

गोव्याला याचा विचार का हवा?

गोव्यात उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘दिष्टावो’ उपक्रमात निरनिराळ्या महाविद्यालयांतील शिक्षकांनी सर्वांसाठी दृक्‌श्राव्य पाठ तयार केले. नुसता पाठ पाहताना शिस्तीचा प्रश्न फारसा येत नाही. चर्चा, गटकार्य आणि गुण सामायिक झाले की तो येतोच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे असे अभ्यासक्रम वाढत जातील. राज्य लहान आणि महाविद्यालये मोजकी असल्याने गोव्यात अशी समान नियमावली करणे मोठ्या राज्यांपेक्षा सोपे आहे.

तोवर विद्यार्थ्यांनी नोंदणी करतानाच दोन प्रश्न विचारावेत: तक्रार कोणाकडे करायची, आणि आपल्यावर आरोप झाल्यास आपले म्हणणे कोण ऐकणार? ज्या महाविद्यालयाला या दोहोंची उत्तरे देता येत नाहीत, त्याने विद्यार्थी तेथे पाठवण्यापूर्वी ती शोधणे, हेच शिस्तीचे पहिले काम होय.