काडीवाचून पेटणारी भट्टी

लाकूड जळते असे आपण म्हणतो; काटेकोरपणे पाहिले तर ज्वाळेच्या रूपाने जे जळते ते लाकूड राहिलेलेच नसते. उष्णता लागताच प्रथम लाकडातील पाणी वाफ होऊन निघून जाते. तापमान 200 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ लागले की लाकडाच्या विघटनास प्रारंभ होतो आणि 300 अंशांच्या आसपास त्याला वेग येऊन ज्वलनशील वायू व डांबरयुक्त बाष्पे भराभर बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. आपल्याला जाळ दिसतो तो या वायूंचा. मागे उरणारा कोळसा ज्वाळेवाचून, लाल होऊन, सावकाश जळत राहतो. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या गृहिणीला हे सारे अनुभवाने ठाऊक असते. धूर दाटला आहे पण जाळ धरत नाही, याचा अर्थ वायू निर्माण झाले आहेत. ते पेटण्याइतकी उष्णता किंवा हवा त्यांना अद्याप मिळालेली नाही. यंत्राला नेमके हेच ज्ञान द्यावयाचे असते.

खनिज तेलावर किंवा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या भट्टीपुढे हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. तेथे इंधन वायुरूपात किंवा सूक्ष्म तुषारांच्या रूपात हवेत मिसळलेले असते. विजेची एक ठिणगी पडली की क्षणार्धात ज्योत उभी राहते. लाकडावर मात्र ठिणग्यांचा वर्षाव केला तरी ते पेटत नाही. ठिणगीचे तापमान पुष्कळ असते, परंतु तिच्या ठायी असलेली उष्णता अत्यल्प असते. लाकडाला आधी वाळवावे लागते, मग तापवून त्यातील वायू मुक्त करावे लागतात, आणि मगच ते पेटवावे लागतात. या तीन क्रियांना काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ उष्णता अखंड पुरवावी लागते.

1973 च्या तेलसंकटानंतर स्वीडन, ऑस्ट्रिया यांसारख्या वनसंपन्न व थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी पुन्हा लाकडाकडे लक्ष वळले. स्वीडनने 1991 साली कार्बनवर कर बसविल्यावर या प्रवृत्तीला अधिकच बळ मिळाले. परंतु तेलाच्या भट्टीची सवय झालेले कुटुंब पहाटे उठून काटक्या रचावयास तयार होणार नव्हते. आरंभीच्या काळात यावर जो तोडगा काढण्यात आला तो आपल्याकडील जुन्या गृहिणींना मुळीच अपरिचित वाटणार नाही: विस्तव विझूच द्यावयाचा नाही. रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवावेत, त्याप्रमाणे लाकडाच्या ढलप्यांवर चालणारी भट्टी उष्णतेची गरज नसतानाही ठरावीक वेळाने थोडेथोडे इंधन घेत निखारा जागता ठेवी. यात इंधन वाया जाई, धूर होई आणि धुराड्यात डांबराचे थर साचत. छोट्या भट्ट्यांतून ही पद्धत बरीचशी मागे पडली ती विद्युत प्रज्वलकामुळे.

हा प्रज्वलक मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्यात छोटा पंखा आणि तापलेली तार असते. 500 ते 600 अंश तापलेल्या हवेचा झोत इंधनावर सोडला जातो. अशा साधनाला सुमारे 1600 वॉट वीज लागते. दुसऱ्या प्रकारात चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची, बहुधा सिलिकॉन नायट्राइडची, बोटाएवढी कांडी असते. तिचा पृष्ठभाग 1000 अंशांच्या आसपास तापतो आणि तिच्यावरून जाणारी हवा इंधनापर्यंत उष्णता पोहोचविते. हिला 300 वॉटच्या आसपास वीज पुरते. हिवाळ्याच्या 180 दिवसांत रोज पाच वेळा पेटणारी भट्टी कल्पावी. पहिले साधन प्रत्येक वेळी दहा मिनिटे चालले तर ते हंगामात 240 युनिट वीज घेईल. दुसरे पाच मिनिटे चालले तर साडेबावीस. कांडी महाग असूनही तिचा प्रसार का झाला, हे यावरून ध्यानी येईल. मात्र ती ठिसूळ असते. सफाई करताना सळई आपटली तर तिचे आयुष्य तेथेच संपते.

इंधन एकसारखे असल्याखेरीज ही सारी योजना व्यर्थ होय. ‘पेलेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडी गुटिकांचे महत्त्व येथेच आहे. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला असता लाकडातील लिग्निन मऊ होऊन तोच चिकट्याचे काम करतो. घरगुती वापराच्या गुटिका 6 किंवा 8 मिलिमीटर व्यासाच्या असतात आणि त्यांतील पाण्याचे प्रमाण शेकडा 10 हून अधिक असू नये असा दंडक आहे. लाकडाच्या ढलप्यांत ते शेकडा 30 असले तर पेटविण्यास अधिक वेळ लागतो; त्याहून फार ओल्या इंधनापुढे विद्युत प्रज्वलक हतबल होतो.

पेटविण्याचा क्रम असा असतो. प्रथम पंखा चालू होऊन भट्टीत राहिलेले वायू धुराड्यावाटे बाहेर काढतो. नंतर मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या वाहकातून मूठ-दोन मुठी गुटिका ज्वलनपात्रात पडतात आणि प्रज्वलक तापू लागतो. ज्वाळा उभी राहिली की नाही, हे धुराचे वाढते तापमान, प्रकाशाचा संवेदक किंवा धुरातील घटता प्राणवायू यांवरून नियंत्रकाला कळते. खात्री पटली की प्रज्वलक बंद होतो व नियमित इंधनपुरवठा सुरू होतो.

खरी कसोटी लागते ती ज्वाळा उभी न राहिल्यास. पात्राची छिद्रे राखेने बुजली असतील किंवा प्रज्वलक जुना होऊन दुबळा झाला असेल, तर इंधन केवळ धुमसते. पांढरट, दाट धूर भट्टीत कोंडू लागतो, आणि हा धूर म्हणजेच न जळलेले इंधन होय. त्यावर इंधनाची आणखी एक मात्रा पडली, ती धुमसली, आणि मग उशिराने कोठेतरी ज्योत निघाली, तर सारा वायू एकदम पेट घेतो. दार उखडले जाण्याइतका तो स्फोट जोरदार होऊ शकतो. म्हणून ठरावीक काळात ज्वाळा न दिसल्यास नियंत्रकाने इंधन थांबवावे, पंखा चालूच ठेवावा, आणि एक-दोन प्रयत्नांनंतर भट्टी बंद करून माणसाची वाट पाहावी, असा नियम असतो. दुर्दैवाने पुष्कळदा हा माणूसच घात करतो. घर गार पडलेले असते. तो कारण न शोधता पुन्हा सुरू करण्याची कळ दाबतो, पुन्हा दाबतो, आणि प्रत्येक वेळी पात्रात नवी मूठ पडत जाते. शेवटी काय झाले ते पाहण्यासाठी दार उघडावे, तर धुमसणाऱ्या राशीला नेमकी तेव्हाच भरपूर हवा मिळते. पात्र रिकामे व स्वच्छ केल्याशिवाय कळ दाबू नये, ही सूचना निर्मात्यांच्या पुस्तिकांत असते; पण ती अनेकदा अपघात घडल्यावर वाचली जाते.

आग इंधनाच्या वाटेने मागे सरकत कोठीपर्यंत जाऊ नये यासाठीही उपाय योजावे लागतात. गुटिका उंचावरून पाडणे, मध्ये फिरती झडप ठेवणे किंवा वाहक तापताच त्यावर पाणी सोडणे, हे त्यांतील प्रमुख होत.

प्रत्येक प्रज्वलनाच्या वेळी, भट्टी थंड असल्यामुळे, कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेली द्रव्ये अधिक प्रमाणात बाहेर पडतात. म्हणून भट्टीला गरम पाण्याची मोठी टाकी जोडतात. भट्टी एकदा पेटून टाकी तापविते व विझते. घर पुढे कित्येक तास टाकीवर चालते.

भारतात या साधनाचा प्रसार मर्यादित आहे, आणि त्याची कारणे नुसती किमतीची नाहीत. भाताच्या तुसात राखेचे प्रमाण शेकडा 15 ते 20 असते. अशा राखेत ज्वलनपात्राची बारीक छिद्रे उघडी ठेवणे कठीण. वीज मध्येच गेली तर पंखा थांबतो आणि धुमसते इंधन तसेच राहते. काश्मीरमधील बुखारी आजही हातानेच पेटविली जाते. साखर कारखान्यांत तर प्रश्नच वेगळा: उसाच्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते, पण बॉयलर एकदा पेटला की गाळपाचा हंगाम सरेपर्यंत तो सहसा विझू दिला जात नाही. महाराष्ट्रात दसऱ्याच्या सुमारास अनेक कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. यजमान दांपत्य पूजा करते, मग कोरडी लाकडे हाताने पेटविली जातात, आणि भट्टी पुरेशी तापल्यावर तिच्यात चिपाड सोडले जाते.