घर घेताना जुनी थकबाकी
गृहकर्जाचा अर्ज आला की बँक आधी अर्जदाराचा सिबिल अहवाल काढते. 300 ते 900 मधल्या गुणांइतकाच तिथे खात्यापुढचा शेरा बोलका असतो. क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी वसुली एजंटाशी घासाघीस करून कमी रकमेत मिटवली, तर खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. पूर्ण फेडली तर ‘क्लोज्ड’. ‘सेटल्ड’ दिसले की बँका हात आखडता घेतात, म्हणून घर घ्यायचे असेल तर शक्यतो पूर्ण रक्कम भरणेच हिताचे. पैसे एजंटाच्या हाती रोख किंवा त्याच्या खासगी यूपीआयवर कधीही देऊ नयेत. थेट कर्जखात्यात भरून बँकेकडून ‘नो ड्यूज’ दाखला घ्यावा.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. धमक्या आणि नातेवाइकांत बदनामी हा तर सरळ छळच. अशा वेळी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. अहवालातली चूक दुरुस्त व्हायलाही 30 दिवस लागू शकतात. त्यामुळे वर्षातून एकदा मोफत मिळणारा हा अहवाल बिल्डरला टोकन देण्यापूर्वीच तपासावा.